सैनिकाला विचार करायला शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं

विट्याकडं भरतीची अकॅडमी चालवणाऱ्या एका सरांनी विचारलंय की आम्ही पोरांना 1600 मीटर पळवतो, पुलअप्स मारायला लावतो, लेखीचे पेपर सोडवून घेतो, पण आता जो तो म्हणतो की ड्रोनच्या जमान्यात नुसता पळणारा नको, डोकं चालवणारा जवान पाहिजे. तर हे डोकं चालवणं शिकवता येतं का, फौजेत ते कसं शिकवतात आणि आमच्यासारख्यांनी त्यातलं काय करावं.

सर, उत्तर जरा लांबणार आहे. मी इन्फन्ट्रीतून रिटायर झालो, नोकरीतला बराच काळ आधी रंगरूट, म्हणजे नवी भरती, शिकवण्यात आणि नंतर एनसीओ, म्हणजे नाईक-हवालदार, होणाऱ्या पोरांचे कॅडर, म्हणजे तयारीचे कोर्स, घेण्यात गेला, आता साताऱ्याजवळ असतो आणि तुमच्यासारखाच पोरं पळवतो. त्यामुळं जे सांगतोय ते शिकवणाऱ्याच्या बाजूनं सांगतोय, टीव्हीवरच्या डिफेन्स एक्स्पर्टच्या बाजूनं नाही.

शिकवता येतं. पण लेक्चर देऊन नाही, आणि पोरगं मुळात हुशार आहे का नाही याच्याशीही त्याचा फारसा संबंध नाही. बारावीला 85 टक्के पाडलेला पोरगा रात्रीच्या पेट्रोलिंगला ठार गोंधळलेला बघितलाय आणि जतकडचा मेंढरांमागं फिरून वाढलेला, इंग्रजीचा गंध नसलेला पोरगा अंधारात जमीन वाचतो तेही बघितलंय.

आता हे एवढं का लागतंय ते आधी. पूर्वी सेक्शन म्हणजे दहा जण, वर प्लाटून, वर कंपनी, आणि वरून हुकूम येणार हे धरलेलं असायचं. आता युक्रेनमध्ये चाललंय ते बघा, मोठा जमाव दिसला की वरून ड्रोन येतो, म्हणून माणसं दोन-दोन चार-चार करून पांगलेली असतात, रेडिओ जॅम होतो, आणि मग जे काय ठरवायचं ते तिथल्या पंचवीस वर्षांच्या नाईकाला किंवा हवालदारालाच ठरवावं लागतं. अमेरिकन मरीनचे जनरल क्रुलाक यांनी 1999 मध्येच लिहून ठेवलं होतं की पुढच्या लढायांत एका कॉर्पोरलच्या, म्हणजे आपल्या नाईकासारख्याच्या, निर्णयाचा परिणाम थेट राजकारणापर्यंत जाईल. आपल्याकडं गलवानला 15 जून 2020 च्या रात्री गोळी न चालवता हातघाईची झटापट झाली, 20 जवान गेले, तिथं कुणी किती रेटायचं, कुठं थांबायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आणि मे 2025 च्या ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपल्या एल-70 आणि झेडयू-23 तोफा रात्रीच्या अंधारात ड्रोन पाडत होत्या, तेव्हा त्या तोफेवरच्या गनरपुढं प्रश्न काय असतो, की हे आपलं का त्यांचं, खरं हत्यार का नुसतं आपला दारूगोळा संपवायला पाठवलेलं थोटूक. तो प्रश्न काही सेकंदात सोडवायचा असतो. चुकलं तर काय होतं तेही आपण बघितलंय, 27 फेब्रुवारी 2019 ला बडगामला आपल्याच मिसाईलनं आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं, आतले सहा हवाई सैनिक आणि खाली जमिनीवरचा एक माणूस गेला.

लोक म्हणतात फौजेत तर हुकूम पाळायचा असतो, मग विचार कसला. हा गैरसमज गावात लय आहे. हुकूम पाळायचाच, पण हुकमात दोन गोष्टी असतात, काय करायचं आणि कशासाठी करायचं. दुसरी गोष्ट नीट पोचली तर माणूस डोकं वापरू शकतो. समजा सांगितलं, पुलावर नाका लाव. पोरं जाऊन पुलावर बसली, रात्रभर एक गाडी आली नाही, सकाळी रिपोर्ट ओके. आणि खाली तीनशे मीटरवर ओढ्याला पाणी नाही, तिथून तीन गाड्या निघून गेल्या. हुकूम तर पाळला! तेच जर सांगितलं असतं की या ओढ्यापलीकडं रात्रीत एकही गाडी जाऊ द्यायची नाही, त्यासाठी पुलावर नाका लाव, तर सेक्शन कमांडर आधी ओढा वरखाली फिरून बघेल आणि मग कुणाला कुठं बसवायचं ते ठरवेल. जर्मनांनी, म्हणजे तेव्हाच्या प्रशियानं, एकोणिसाव्या शतकात मोल्टके या सेनाप्रमुखाच्या काळात हीच पद्धत वाढवली, मकसद वरच्यानं द्यायचा आणि तरीका खालच्यानं निवडायचा. आपल्या ऑर्डरमध्येही मकसद हा वेगळा मुद्दा असतोच, पण तो घाईघाईत वाचून टाकायचा आणि तरीक्यावर अर्धा तास बोलायचं ही सवय, तिथंच घोळ आहे.

इथं साताऱ्यात हे बोललं की लगेच कुणीतरी म्हणतं, गनिमी कावा आपल्या रक्तातच आहे. मला या वाक्याचा राग येतो. प्रतापगड घ्या, 10 नोव्हेंबर 1659. जावळीच्या जंगलात तुकड्या आधीपासून दबा धरून बसवलेल्या, कुणी कुठली वाट रोखायची ते ठरलेलं, गडावरून तोफेचा आवाज झाला की निघायचं. एकदा तोफ वाजल्यावर महाराज प्रत्येक तुकडीला नवीन हुकूम देऊ शकणार होते का, त्या झाडीत? नाही. म्हणजे प्रत्येक सरदाराला आपलं काम आणि त्यामागचं कारण आधीच पक्कं माहीत होतं, जमीन पायाखालची होती, समोरच्याची खबर होती. ही सगळी मेहनत आहे, रक्तात वगैरे काही येत नाही, आलं असतं तर मला कॅडर घ्यायची गरजच पडली नसती.

तर सुरुवात कुठून करायची. बघण्यापासून. माझं स्पष्ट मत आहे की विचार चुकतो त्यापेक्षा जास्त वेळा बघणंच चुकतं. कारगिलची पहिली खबर कुणी दिली, ताशी नामग्याल नावाच्या मेंढपाळानं, मे 1999 च्या सुरुवातीला बटालिक भागात आपला हरवलेला याक दुर्बिणीनं शोधताना त्याला डोंगरावर पठाणी कपड्यातली माणसं खोदकाम करताना दिसली. तो काही ट्रेनिंग घेतलेला नव्हता, पण त्याला तो डोंगर रोज कसा दिसतो ते ठाऊक होतं, म्हणून वेगळं काय ते टोचलं. मरीनवाल्यांनी 2007 च्या सुमाराला इराकच्या अनुभवावरून कॉम्बॅट हंटर नावाचा कोर्सच काढला, त्यात शिकारी आणि पोलिसांच्या अनुभवाचा उपयोग करून हेच शिकवतात, आधी त्या जागेचं रोजचं चालचलन समजून घ्या, मग त्यात न बसणारी गोष्ट आपोआप दिसते. रोज उघडं असणारं दुकान आज बंद आहे, रस्त्यावर खेळणारी पोरं गायब आहेत, असलं.

हे शिकवायला काही लागत नाही. मी पोरांना एसटी स्टँडवर नेऊन बसवतो, पंधरा मिनिटं नुसतं बघा, फोन खिशात. मग बाहेर आणून विचारतो. पहिल्या वेळी ऐकण्यासारखी उत्तरं असतात, एकानं सांगितलं सर एक संशयास्पद माणूस होता. काय केलं त्यानं? काही नाही सर, पण वाटलं. हे वाटलं जे आहे ना तेच मला वेगळं करून हवं असतं. म्हणून माझा नियम, रिपोर्ट तीन कप्प्यात द्यायचा, डोळ्यानं काय बघितलं, कानानं काय ऐकलं आणि अंदाज काय. तिन्ही सांगा, अंदाज पण सांगा, तो टाकून देऊ नका, फक्त मिसळ करू नका. डोंगरावर नेलं, दंडोबा म्हणा, यवतेश्वर म्हणा, तर समोरची जमीन जवळ, मध्य आणि लांब अशी तोडून बघायला लावतो आणि उजवीकडून डावीकडं, कारण वाचायच्या सवयीनं डावीकडून उजवीकडं नजर पळते, उलटं केलं की थांबते.

मिसळ केली की काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे अमेरिकन जहाज व्हिन्सेन्स. 3 जुलै 1988, इराणच्या आखातात, समोरून इराण एअरचं प्रवासी विमान वर चढत चाललेलं, जहाजाची यंत्रणा पण ते वर चढतंय हेच दाखवत होती, पण त्या वेळी खाली बोटींशी चकमक चालू होती, सगळ्यांच्या डोक्यात हल्ला बसलेला, आणि काहीजण ओरडून सांगत होते की विमान खाली येतंय. मिसाईल सुटलं, 290 माणसं गेली. स्क्रीनवर बरोबर आकडा होता हो! यंत्र कितीही भारी द्या, माणूस जे अपेक्षित आहे तेच बघतो. त्यानंतर अमेरिकन नौदलानं ताणाखाली निर्णय कसे घेतले जातात यावर मोठा अभ्यास सुरू केला, त्यातून टीम ट्रेनिंगच्या बऱ्याच पद्धती निघाल्या. आज ड्रोनच्या स्क्रीनपुढं बसणाऱ्या प्रत्येक पोराला हा किस्सा पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे असं मला वाटतं.

यानंतर निर्णय. पुस्तकात अप्रिसिएशन शिकवतात, उद्देश काय, त्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी कुठल्या, मार्ग किती, त्यातला कुठला घ्यायचा. चांगली पद्धत आहे, वेळ असेल तेव्हा. पण गोळी चालू असताना कुणी तीन पर्याय मांडून तुलना करत बसत नाही. गॅरी क्लाईन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात आग विझवणाऱ्या दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तर बहुतेक वेळा ते पर्यायांची तुलना करतच नव्हते, परिस्थिती बघितली की कशासारखी आहे ते ओळखायचे, पहिला सुचलेला उपाय मनातल्या मनात एकदा चालवून बघायचे, चालतोय वाटला की करून टाकायचे. म्हणजे डोक्यात आधी साठा पाहिजे. आणि नव्या पोराकडं तो साठा नसतो, मग तो आणायचा कुठून, रोज लढाई तर होत नाही.

त्यासाठी सँड मॉडेल, म्हणजे जमिनीचा माती-वाळूतला नमुना. प्रशियात 1824 साली राईसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशावरचा युद्धखेळ जनरल स्टाफला दाखवला तेव्हापासून जगभरातल्या फौजा हेच करतायत. आपल्या भागातल्या पोरांना तर ते सांगायची पण गरज नाही, दिवाळीत किल्ले करून हात बसलेलाच असतो, माती, लाकडाचा भुसा, रंग, सुतळीची वाट, काड्यापेटीची घरं. माझ्याकडं अंगणाच्या कोपऱ्यात कायमचं एक मॉडेल असतं. त्यावर एक छोटी स्टोरी, तू सेक्शन कमांडर, इथं आहेस, मकसद हा, आत्ता हे घडलं, एक मिनिट, तोंडी ऑर्डर दे. विचार सांगायचा नाही, ऑर्डर द्यायची, म्हणजे नाव घेऊन, तू एलएमजी (हलकी मशीनगन) घेऊन त्या बांधाला, तू माझ्या मागं, असं. ऑर्डर देऊन झाली की मी परिस्थिती बदलतो. वरून ड्रोनचा आवाज येतोय. रेडिओ बंद पडला. उसातून एक म्हातारी आणि दोन लहान पोरं बाहेर आली. हा बदलच खरं शिक्षण आहे, कारण पोरं आपल्या पहिल्या प्लॅनच्या प्रेमात पडलेली असतात.

कधी कधी खरी लढाई घेतो. राजस्थानच्या सीमेवरची, पाकिस्तानविरुद्धची लोंगेवाला माझी आवडती, 4-5 डिसेंबर 1971 ची रात्र. मेजर चांदपुरींकडं 23 पंजाबची एक कंपनी, शे-सव्वाशे माणूस, पुढं गेलेल्या गस्तीच्या पार्टीनं कळवलं की रणगाड्यांचा आवाज येतोय, विमानं सकाळशिवाय येणार नाहीत. थांबायचं का मागं जायचं? पोरं छाती काढून म्हणतात थांबायचं. मी म्हणतो का ते सांग. मग हळूहळू निघतं, की रात्री उघड्या वाळवंटात पायी मागं जाणारी कंपनी रणगाड्यांना सोपी सापडते, ठाणं उंचवट्यावर आहे, आणि फक्त उजाडेपर्यंत वेळ काढायचाय. त्याच लढाईत समोरच्याचंही शिकण्यासारखं आहे, काटेरी तार दिसली, सुरुंग असतील म्हणून त्यांचे रणगाडे थबकले, तपासण्यात मौल्यवान वेळ गेला आणि सुरुंग नव्हतेच. तार बघितली हे खरं, सुरुंग हा अंदाज. परत तेच तीन कप्पे.

आता थकवा. ताज्या डोक्यानं सगळेच हुशार असतात. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं होतं, सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते आणि 24 तासांनी साधारण 0.10 टक्क्यांइतकी. म्हणजे रात्रभर जागलेला कमांडर हा प्यायलेला कमांडर आहे असं धरून चाला. म्हणून सराव थकल्यावर झाला पाहिजे, पण इथं एक खोच आहे, जी बरेच उस्ताद, म्हणजे फौजेतले शिकवणारे, विसरतात. नवीन गोष्ट थकलेल्या पोराला शिकवली तर काही शिरत नाही. आधी सकाळी ताज्या डोक्यानं शिकवा, येऊ द्या, मग तीच गोष्ट दहा किलोमीटरच्या शेवटी विचारा. आणि रगडा म्हणजे हे ट्रेनिंग नव्हे. चिखलात लोळवून वर शिव्या घालून प्रश्न विचारला तर पोरगं फक्त उस्तादला काय ऐकायचंय ते ओळखायला शिकतं, जमीन वाचायला नाही. झोपेचं नियोजन करणं, कुणी कधी दोन तास पडायचं हे ठरवणं, हे पण कमांडरचं विचाराचंच काम आहे, आपल्याकडं ते कमजोरीचं समजतात.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फौजेत कुठलाही क्लास संपला की उस्ताद विचारतो, कोई शक? आणि सगळा स्क्वाड एका दमात, नहीं उस्ताद! छान वाटतं ऐकायला. पण चाळीस पोरांपैकी निदान दहा-बारांना शंका असतेच, ती तिथंच गाडली जाते. ड्रिलला हे ठीक, हत्यार उघडजोड करायला ठीक, पण निर्णयाच्या सरावानंतर असं चालत नाही. अमेरिकन आर्मीनं 1970 च्या दशकात सरावानंतरच्या चर्चेची एक पद्धत बसवली आणि पुढं कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या ट्रेनिंग सेंटरवर ती पक्की झाली. काय व्हायचं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. बास. कर्नलसमोर शिपाई उठून सांगतो की साहेब तुमची ऑर्डर माझ्यापर्यंत पोचलीच नाही. आपल्याकडं चांगल्या युनिटमध्ये हे होतं, होत नाही असं अजिबात नाही, पण ते त्या कंपनी कमांडरच्या स्वभावावर अवलंबून राहतं.

मी एकच बदल केला होता, बोलायला सुरुवात सगळ्यात ज्युनिअरनं करायची आणि सगळ्यात शेवटी मी. सिनिअर आधी बोलला की बाकीचे त्याच्याच सुरात सूर मिसळतात, त्यात त्यांची चूक नाही. सुरुवातीला पोरं पायाकडं बघत उभी राहतात. मग एखादा धीर करून म्हणतो, उस्ताद, डाव्या बाजूला पगदंडी होती, मला दिसली होती, पण मी बोललो नाही. का बोलला नाहीस? वाटलं तुम्हाला दिसली असेल. हे वाक्य प्रत्येक बॅचला ऐकू येतं. इस्रायलवर 1973 मध्ये अचानक हल्ला झाला तेव्हा सीमेवर जमवाजमव दिसत होती, पण वर सगळ्यांचं ठरलेलं होतं की आत्ता युद्ध होणार नाही, चौकशीत ते बाहेर आलं, त्यानंतर त्यांनी इंटेलिजन्समध्ये मुद्दाम उलटी बाजू मांडणारी माणसंच नेमली. सेक्शनला एवढं नको, पण प्लॅन ठरला की एकाला सांगायचं, तू दुश्मन, तू हा प्लॅन कसा मोडशील सांग. पोरांना हे काम लय आवडतं.

काय चालत नाही तेही सांगतो, कारण तुमच्याकडं पण असली माणसं येत असणार. ब्रेन ट्रेनिंगची ॲप्स आणि महिन्यात मेंदू तल्लख करणारे क्लास. 2010 मध्ये नेचर मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, 11,430 लोकांना सहा आठवडे असले खेळ खेळायला लावले, तर लोक त्या खेळात तरबेज झाले, बाकी कशात फरक पडला नाही. मोटिव्हेशनल स्पीकर तर सोडाच. आणि पीपीटीवर गोल बाण काढून ऊडा लूप शिकवणारे, तो अमेरिकन हवाई दलातल्या बॉइडचा विचार चांगलाच आहे, बघा, अर्थ लावा, ठरवा, करा, पण बाण पाठ करून कुणी चपळ होत नाही.

एक भाग मात्र तुम्ही भरतीच्या आधीच शिकवू शकता, फोन. जानेवारी 2018 मध्ये स्ट्राव्हा या पळण्याच्या ॲपच्या नकाशावर परदेशातले लष्करी तळ उजळलेले दिसले होते, कारण जवान ॲप चालू ठेवून आवारात पळत होते. तुमची पोरं पण रोज रनिंगचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकतात, बरोबर? तीच सवय घेऊन ती पोस्टिंगला जाणार. सिंदूरच्या वेळी जुने, दुसऱ्या देशातले, व्हिडिओ गेममधले व्हिडिओ आपल्या गावच्या ग्रुपवर किती फिरले ते आठवा, सरकारी फॅक्ट चेकवाले रोज खोडून काढत होते. एक व्हिडिओ दाखवून पोरांना विचारा, हा कुठला, कधीचा, सावली कुठं पडलीय, पाटीवर भाषा कुठली. तासभर मजेत जातो आणि डोळा तयार होतो.

तुमच्यासाठी म्हणून एवढंच करा. टॅक्टिक्स शिकवायला जाऊ नका, ते त्यांना भरतीनंतर ट्रेनिंग सेंटरवर शिकवतील आणि अर्धवट शिकलेलं मोडून काढायला जास्त वेळ जातो. अग्निवीरांचं ट्रेनिंग आता साधारण सहा-सात महिन्यांचं आहे, तिथं उस्तादकडं बघायला आणि बोलायला शिकवण्याइतका वेळ नसतो, तेवढं तुम्ही करून पाठवा. पद्धत एकदा ताज्या डोक्यानं समजावली की मग रोज रनिंगनंतर, दम लागलेला असतानाच, वीस मिनिटं. एक दिवस ताटातल्या वस्तू बघून झाकून आठवायच्या, एक दिवस रस्त्यात काय वेगळं होतं, एक दिवस वाळूच्या मॉडेलवर एक मिनिटाचा निर्णय, पण फौजी नको, पुराचा घ्या. 2019 ला कृष्णेचा पूर सांगलीच्या पोरांनी डोळ्यानं बघितलाय, बोट एक, माणसं चाळीस, अंधार पडायला एक तास, कुणाला आधी काढणार आणि का. यात बरोबर उत्तर नसतं आणि पोरं भांडतात, भांडू द्या, फक्त शेवटी तुम्ही बोला.

आणि सर, याची वेगळी बॅच काढून वेगळी फी लावू नका, लोक लगेच काहीतरी भारी समजून येतील आणि पळायचं सोडतील. भरतीत 1600 मीटरला 5 मिनिटं 30 सेकंदाच्या आत आला नाही तर पूर्ण 60 मार्क मिळत नाहीत, तिथं कुठलं डोकं उपयोगी पडत नाही. खर्च करायचाच असेल तर तुमच्या तालुक्याची सर्व्हे ऑफ इंडियाची 1:50,000 ची शीट मिळवा आणि एक साधा कंपास घ्या, रविवारी पोरांना गावाबाहेर सोडा, परत यायची वाट त्यांची त्यांनी शोधायची. कंपास धरताना मोबाईल आणि लोखंडी कडं लांब ठेवायला सांगा, नाहीतर सुई फिरते आणि पोरं भलत्याच गावात निघतात.